चोकची तार पुन्हा पुन्हा का तुटते?

प्रश्न : आजोबांनी घेतलेला फार्गोचा छोटा पेट्रोल ट्रक आम्ही अजून चालू ठेवला आहे. गाडी १९५० च्या दशकातली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, सहा व्होल्टच्या बॅटरीची. परवा सकाळी चोक ओढला तर वीतभर तारेसकट बटणच हातात आले. दोन वर्षांपूर्वीही असेच झाले होते, तेव्हा मिस्त्रींनी नवी तार घालून दिली. या वेळी तुटलेल्या तुकड्यावर निळसर-काळी झाक दिसते. सेल्फ मारताना कधी कधी जळक्या ग्रीसचा वासही येतो. मूळ केबल बाजारात मिळत नाही. गॅरेजवाले म्हणतात, स्कूटरची क्लच वायर कापून घालू. घालावी का? आणि मूळ तार इतकी वर्षे टिकली, मग ही दोन वर्षांतच का गेली?
— एक वाचक, कराड

उत्तर : मुद्द्याचे आधी सांगतो. स्कूटरची वायर घालू नका. ती चोक ओढेल, पण परत ढकलणार नाही. योग्य तार मिळते, आणि साध्या गॅरेजातही ती व्यवस्थित बसवता येते. मात्र तार आणण्याआधी इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थ पट्टी तपासा. निळी झाक आणि जळका वास या तुम्ही लिहिलेल्या दोन्ही खुणा तिकडेच बोट दाखवतात. तिथला दोष राहिला तर तिसरी तारही याच वाटेने जाईल.

तुमच्या गाडीला महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार करून कुर्ल्याला गाड्या तयार करायला सुरुवात केली. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही सगळी क्रायसलरचीच नावे. अशी गाडी मूळ रूपात चालती ठेवणे मोलाचे काम आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

केबल काम कशी करते

आपण जिला केबल म्हणतो तिचे दोन भाग असतात. आतली तार म्हणजे इनर आणि बाहेरची वेटोळ्यांची नळी म्हणजे आऊटर. ब्रिटनमधल्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी या रचनेचे पेटंट १८९६ साली घेतले. आजही जगभर तिला बाउडन केबल म्हणतात. रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बाउडन ते हे नव्हेत. आडनाव एकच असल्याने घोटाळा होतो.

आपल्याला वाटते की काम फक्त आतली तार करते. प्रत्यक्षात इनर जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने आऊटर दाबली जाते. म्हणून आऊटर दोन्ही टोकांना घट्ट पकडलेली हवी. कार्बुरेटरजवळची क्लिप सैल असेल तर बटण ओढल्यावर आऊटरच सरकते आणि चोकची पट्टी जागची हलत नाही. 'केबल ढिली झाली' या तक्रारीत पुष्कळदा तार चांगली असते आणि दोष या क्लिपचा निघतो.

इनर दोन प्रकारची असते. क्लच, ब्रेक, एक्सलेटर यांना फक्त ओढ हवी असते. परत आणायचे काम स्प्रिंग करते. तिथे बारीक तारांची पिळाची इनर घालतात. मध्ये एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, अशा एकोणीस तारांच्या पिळाची जाडी एका तारेच्या पाचपट होते. म्हणजे दीड मिलिमीटरच्या पिळात प्रत्येक तार ०.३ मिलिमीटरचीच. वाकताना तारेवर येणारा ताण तिच्या जाडीच्या प्रमाणात असतो, म्हणून एकाच वळणावर पिळातल्या तारेला अखंड तारेच्या पाचव्या हिश्श्याइतकाच ताण सोसावा लागतो. पिळाची तार लवचीक राहते ती यामुळे.

पण ती ढकलता येत नाही. ढकलली की आतल्या आत गोळा होते. तुमच्या डॅशबोर्डवरचे बटण चोक ओढतेही आणि परत ढकलतेही. त्यासाठी अखंड, कडक स्प्रिंगच्या पोलादाची तार लागते. स्कूटरची वायर घातली तर चोक बंद होईल, पण बटण आत ढकलल्यावर पूर्ण उघडणार नाही. मग मिश्रणात पेट्रोल जास्त जाते, काळा धूर निघतो, प्लग काळे पडतात. पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन निघते आणि रिंगा झिजू लागतात. चारआठ आणे वाचवायला जाऊन इंजिन खोलायची वेळ येते.

तुटलेले टोक नीट पाहा

तुटलेला तुकडा फेकून देऊ नका. भिंगाखाली धरा. तार का तुटली हे त्या टोकावरून बहुतेक वेळा कळते.

टोक ताणून निमुळते झाले असेल, तर तार जोराने ओढल्याने तुटली. म्हणजे आऊटरमध्ये ती अडकत होती आणि कोणीतरी झटका दिला.

टोक सपाट, जणू कापल्यासारखे असेल, तर ते थकव्याचे तुटणे. एकाच जागी हजारो वेळा वाकून बारीक भेग पडली आणि ती वाढत गेली. असे तुटणे केबल पत्र्यातून बाहेर येते तिथे, आऊटर संपते तिथे किंवा स्क्रूखाली चेपलेल्या जागी होते.

तार तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांची आणि बारीक झालेली असेल, तर गंज. आऊटरमध्ये पाणी शिरते आहे.

चौथा प्रकार तुमचा. पोलादावर निळा रंग चढतो तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला. कडक ओढून बनवलेली तार इतकी तापली की तिचा कडकपणा उतरू लागतो. तुकडा बोटांत धरून हलकेच वाकवा आणि सोडा. चांगली तार उसळून सरळ होते. तापलेली तार वाकवली तशीच राहते. अशी मऊ तार पहिल्याच बाकावर मोडते.

तार तापली कशाने?

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला आऊटर टेकत असेल तर तेवढ्या जागी तार तापू शकते; ते आधी डोळ्यांनी पाहून घ्या. पण तुमचा तुकडा बटणापासून वीतभर अंतरावरचा, म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा आहे. तिथे मॅनिफोल्डची आच पोहोचत नाही. शिवाय वास सेल्फ मारतानाच येतो. याचा अर्थ तारेतून वीज जाते आहे.

इंजिन चासीवर रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याच्या विणीची जाड पट्टी असते. बॅटरीचा अर्थ चासीला जोडलेला असेल, तर सेल्फचा सगळा करंट याच पट्टीतून जातो. या जातीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थला असते, पण त्याने या हिशेबात फरक पडत नाही. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर आणि त्याहूनही जास्त करंट लागतो. बारा व्होल्टच्या तुलनेत सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामाला दुप्पट करंट, म्हणून तिला पट्टी आणि बॅटरीच्या वायरीही जाड लागतात.

आता ही पट्टी गंजली, तुटली, किंवा इंजिन उतरवल्यावर परत लावायची राहून गेली, तर काय होईल? पाटात पाणी अडले की ते बांध फोडून मिळेल त्या वाटेने शेतात शिरते, तसा करंट दुसरी वाट धरतो. चासीतून केबिन, केबिनमधून डॅशबोर्ड, डॅशबोर्डमधून चोकची केबल आणि तिच्यातून कार्बुरेटर व इंजिन. एवढा करंट त्या बारीक तारेला झेपत नाही. ग्रीस जळते, तार निळी पडते. मूळ तार वर्षानुवर्षे टिकली, कारण तेव्हा पट्टी शाबूत होती. दोन वर्षांपूर्वीच्या तुटण्याच्या आधी इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे काही काम झाले होते का, हे मिस्त्रींना विचारा.

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट लावा. कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. व्होल्टमीटरचे एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरे चासीच्या खरवडून उजळ केलेल्या जागी लावा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. काटा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहिला तर पट्टी ठीक. एक-दोन व्होल्ट दाखवले तर दोष सापडला. मीटर नसेल तर जंपर केबलने इंजिन आणि चासी जोडून सेल्फ मारा. तो एकदम जोरात फिरू लागला तर निदान पक्के.

पट्टी नवी घाला. दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उजळ करा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात द्या. याच वेळी स्पीडोमीटरची केबल आणि हाताच्या एक्सलेटरची केबलही पाहून घ्या. करंटने त्यांचीही वाट धरली असू शकते.

नवी तार बसवताना

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे टर्मिनल काढा. डॅशबोर्डच्या मागे ॲमीटरची उघडी टोके असतात. लोखंडी आऊटर त्यांना टेकली तर ठिणग्या उडतील आणि वायरिंग जळेल. कार्बुरेटरवर चोकची पट्टी हाताने पूर्ण उघडी करून बारीक तारेने बांधा. रस्त्यात केबल तुटली तरी पहिला उपाय हाच. पट्टी उघडी असली की गरम इंजिन विनातक्रार चालते.

काढण्याआधी मोजमाप लिहून घ्या. आऊटरची लांबी, तिच्या दोन्ही टोकांना इनर किती बाहेर येते आणि बटणाची एकूण ओढ. या आकड्यांवर पुढचे सगळे अवलंबून आहे. मग कार्बुरेटरकडचा स्क्रू आणि क्लिप सोडा, डॅशबोर्डच्या मागचा नट सोडा आणि आऊटर बाहेर घ्या. आत अडकलेला तुकडा पकडीने ओढून काढा. हलत नसेल तर आऊटर रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा.

आऊटर वाकवून पाहा. वेटोळ्यांमध्ये कुठे फट पडली असेल, म्हणजे स्प्रिंग ताणली गेली असेल, किंवा तीही निळी पडली असेल, तर ती बदलावी लागेल. चांगली असेल तर धुऊन पुसून तीच ठेवा.

नव्या तारेसाठी जुन्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा, तीही न गंजलेल्या, न तापलेल्या जागी. ती साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल. तेवढ्याच जाडीची स्प्रिंग वायर घ्या. काही ठिकाणी तिला पियानो वायर म्हणतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर अशा ठिकाणी किंवा स्प्रिंग बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात ती मिळेल. शक्य तर सरळ कांडी मागा. गुंडाळीतून कापलेल्या तारेला बाक असतो, आऊटरमध्ये ती भिंतीला घासत राहते आणि बटण जड होते. जीआय वायर किंवा बांधकामाची तार चालणार नाही. ती मऊ असते.

तारेचे टोक कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ते आऊटरच्या वेटोळ्यात अडकेल. पातळ इंजिन ऑइलचा हात द्या आणि तार गोल फिरवत फिरवत आत सारा.

सगळ्यात नाजूक काम बटणाचे. बेकेलाइटचे बटण आधी फिरवून काढा, कारण आच लागली की ते तडकते. बटणामागच्या पितळी दांड्यात जुन्या तारेचा तुकडा अडकलेला असेल. तो बारीक ड्रिलने काढा. नव्या तारेचा शेवटचा भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि त्यावर डाखाचा पातळ थर चढवा. भांड्याला कल्हई करताना जसा राखाडी धातू क्षणात चांदीसारखा उजळतो, तसा तो थर तारेवर पसरला पाहिजे. डाखाचे मणी होऊन ओघळले तर तार स्वच्छ नाही, पुन्हा घासा. थर बसल्यावर तार दांड्यात घाला आणि भोक भरून येईपर्यंत डाख सोडा. थंड होईपर्यंत हलवू नका.

हे काम सोल्डरिंग आयर्नने करा, गॅसच्या ज्योतीने नाही. कथील-शिशाचा ६०-४० चा डाख १९० अंशांच्या आत वितळतो, आणि तेवढ्याने तारेचा कडकपणा जात नाही. पितळी झाळकामाला याच्या कितीतरी पट आच लागते आणि तार जोडाशेजारीच कायमची मऊ पडते. अनेक मिस्त्री 'पक्के काम' म्हणून झाळ मारून देतात. अशी तार जोडापाशीच तुटते. आम्लाचा फ्लक्स किंवा नवसागर वापरला असेल, तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. राहिलेला फ्लक्स तार आतून खातो.

कार्बुरेटरकडे जोडताना बटण पूर्ण आत न ढकलता दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा, चोकची पट्टी पूर्ण उघडी करा आणि मग स्क्रू आवळा. बटण ओढल्यावर पट्टी पूर्ण मिटते आणि ढकलल्यावर पूर्ण उघडते, हे डोळ्यांनी पाहा.

केबलचा रस्ता

केबल कशी फिरवली यावर तिचे आयुष्य ठरते. तार किती अंगाबाहेर वाकते यावर थकवा अवलंबून असतो, म्हणून प्रत्येक वळण मोठे आणि सैल ठेवा. घर्षणाचे गणित मात्र निराळे आहे. तिथे सगळ्या वळणांची बेरीज मोजावी लागते. घर्षणांक ०.२ धरला, तर एकूण अर्ध्या वर्तुळाएवढ्या वळणांना जवळजवळ दुप्पट आणि पूर्ण वर्तुळाला साडेतीनपट जोर लागतो. म्हणून जास्तीची लांबी गुंडाळून बांधू नका. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला आणि मॅनिफोल्डपासून केबल दूर ठेवा.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, वरच्या टोकाला पातळ तेलाचे थेंब सोडा. ग्रीस भरू नका. ते पुढे वाळून घट्ट होते. बाजारातल्या नव्या केबलला आत नायलॉनचे अस्तर असेल तर तिला तेलाचीही गरज नाही.

डाख कुठे चालत नाही

पिळाच्या तारेचे निपल तुटले तर तेही डाखाने बसवता येते. तार कापण्याआधी कापायच्या जागी डाख द्या म्हणजे तारा सुटणार नाहीत. पितळी निपलमधून टोक बाहेर काढा, बारीक तारा फुलासारख्या पसरवा, त्या निपलच्या रुंद तोंडात ओढून घ्या आणि डाख भरा. पसरलेल्या तारांमुळे पकड येते. नुसता सरळ घातलेला पीळ ओढला की निसटतो. मात्र आऊटरमधून जाणाऱ्या भागात, मध्येच तुटलेली तार जोडू नका. तो जोड कुठेतरी अडकणारच.

हँडब्रेकच्या केबलला डाख कधीही नको. डाख सतत ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि हँडब्रेक म्हणजे तासन् तास सतत ओढ. घाटात उभ्या केलेल्या गाडीची केबल निसटली तर काय होईल ते सांगायला नको. तिथे यंत्रावर दाबून बसवलेल्या टोकाची पूर्ण नवी केबल करून घ्या आणि जोर लावून तपासूनच घाला. पिळातली एक तार जरी तुटलेली दिसली, तरी तीच वेळ आली समजा. पायाच्या एक्सलेटरची तार अडकत असेल तरीही गाडी रस्त्यावर काढू नका.

मूळ केबल मिळत नाही म्हणून निराश होऊ नका. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अशा गाड्यांची बटणे, आऊटर अधूनमधून सापडतात, पण त्यांच्यासाठी गाडी अडवून ठेवायची गरज नाही. तुमचे बटण आणि आऊटर मूळचे आहेत. फक्त तार बदलली तर गाडीचा अस्सलपणा कुठेही कमी होत नाही.

आधी अर्थ पट्टी, मग तार. हा क्रम उलटा करू नका, आणि काम कोणाकडूनही करून घेतले तरी पट्टी बसल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सेल्फ मारू देऊ नका.